ताठरलेली बोटे आणि रक्ताची साक्ष

आमचे गाव पांढुर्णा, मावशी सौंसरला. थंडीत संत्र्यांच्या तोडणीला गेली की तिची बोटे आधी पांढरीफटक, मग निळी पडत. घरचे म्हणत, वात आहे. पुढे बोटांची कातडी ताणून चकचकीत झाली, मूठ वळेना. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त काढण्यापूर्वी बराच वेळ तिचे हातच पाहिले. रोग निघाला ‘सिस्टेमिक स्क्लेरोसिस’.

मग रक्त कशाला? या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटते. पेशीकेंद्राविरुद्धची प्रतिद्रव्ये ‘ए.एन.ए.’ चाचणीत सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकतात. ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत ती आढळतात. पण थांबा! धडधाकट माणसांतही ती कधीकधी सापडतात. नुसता कागद वाचून घाबरण्यात अर्थ नाही. २०१३ च्या निकषांत ९ गुण भरले की रुग्ण या रोगाचा धरतात. त्यांत विशिष्ट प्रतिद्रव्यांना अवघे ३. दोन्ही हातांवर बोटांच्या मुळापलीकडे चढलेल्या जाड कातडीला मात्र एकटीलाच ९!

रक्ताचा खरा उपयोग पुढचे ओळखण्यात. ‘एससीएल-७०’ची प्रतिद्रव्ये असली तर फुप्फुसे जपावी लागतात, ‘आर.एन.ए. पॉलिमरेज ३’ची असली तर मूत्रपिंडे, म्हणून रक्तदाब वरचेवर मोजायचा. सेंट्रोमिअरविरोधी असली तर रोग बहुधा सावकाश सरकतो, पण फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढण्याची भीती राहते.

मावशीच्या रक्तात पहिली सापडली. आता ठरल्या वेळी ती नागपूरला जाऊन यंत्राच्या नळीत फुंकते, आणि तोडणीला लोकरीचे हातमोजे घालून जाते.