गाडी तापते, म्हणून कमी अंशाचा थर्मोस्टॅट बसवावा का?

भाजी, दूध बाजारात न्यायला काही गटांनी कर्ज काढून छोटी गाडी घेतली आहे. उन्हाळ्यात घाट चढताना गाडी तापली की कुणीतरी सांगतं, "ताई, कमी अंशाचा थर्मोस्टॅट टाका, नाहीतर काढूनच टाका." पैसे गटाचे आहेत. होकार देण्याआधी हे समजून घेऊ.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरचं छोटं दार. त्यात मेण असतं. इंजिन गार असताना दार बंद असतं आणि पाणी इंजिनातच फिरतं. बऱ्याच गाड्यांत 82 ते 88 अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं, दार उघडू लागतं आणि गरम पाणी रेडिएटरकडे जातं. 71 अंशांचा थर्मोस्टॅट हेच दार लवकर उघडतो, इतकंच.

पाटाचं दार लवकर उघडलं म्हणून विहिरीचं पाणी वाढत नाही. गाडी तापते तेव्हा चांगला थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडलेला असतो, मग तो कितीही अंशांचा असो. पुढे पाणी गार करायचं काम रेडिएटर, पंखा आणि वॉटर पंपाचं.

उलट इंजिन कायम गार राहिलं तर इंधन जास्त लागतं, ऑइलमधली ओल उडून जात नाही आणि इंजिन लवकर झिजतं. थर्मोस्टॅट काढूनच टाकला, तर काही इंजिनांत पाणी रेडिएटर टाळून आतल्या आत फिरतं आणि गाडी जास्तच तापते.

मग आधी काय बघायचं? कूलंट कमी आहे का, पाइप गळतो का, पंख्याचा पट्टा सैल आहे का, रेडिएटरच्या जाळीत माती-कचरा अडकलाय का. बोअरचं जड पाणी घालू नका, आत क्षार धरतो. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. शिटी न जाऊ देता कुकर उघडण्यासारखंच ते आहे.

थर्मोस्टॅटचा संशय असेल तर मेकॅनिककडून तो काढून घ्या. जुन्या पातेल्यात, तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने टांगून पाणी तापवा. उकळी फुटेपर्यंत दार उघडलं नाही, तर तो बिघडलाय. बदला, पण गाडीच्या पुस्तकात दिलेल्या अंशांचाच घ्या.

काटा लाल खुणेकडे गेला की गाडी बाजूला घेऊन बंद करा, असं चालकाला आजच सांगून ठेवा. तसंच दामटलं तर हेड गॅस्केट जातं, आणि तो खर्च गटाचे कितीतरी हप्ते खातो.