बिब घालायची, पण बाथरूमला जायचं कसं?

२३ मे २०१७. ‘जिरो द इटालिया’ या सायकल-शर्यतीचा सोळावा टप्पा. उंब्राइल घाटाची चढण तोंडावर आलेली असताना सायकलपटू टॉम डुमुलाँ सायकलवरून उतरला, घाईघाईने जर्सी काढली आणि रस्त्याकडेला आडोशाला बसला. पोटाने दगा दिला होता. जर्सी गुलाबी होती, म्हणजे एकूण शर्यतीत तोच पहिला होता, आणि टीव्हीवर जग बघत होतं. त्या दिवशी टप्पा जिंकणाऱ्या निबालीच्या तो दोन मिनिटांहून जास्त मागे पडला. पुढे जिरो त्यानेच जिंकला, पण अवघ्या ३१ सेकंदांनी.

‘पुरुषांना हा प्रश्नच नसतो’ म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. बिब म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली सायकलची शॉर्ट. लघवीसाठी पुरुषाला ती पुढून खाली ओढता येते. बसायची वेळ आली की पट्टे उतरवावे लागतात, पट्टे असतात जर्सीच्या आत, म्हणून आधी जर्सी काढायची. डुमुलाँवर एकदा जी वेळ आली, ती साधी बिब घालणाऱ्या बाईवर दर थांब्याला येते.

मग बायका काय करतात? पाणी कमी पितात. सायकल-ग्रुपमध्ये नवीन आलेल्या मुलीला हा सल्ला अगदी मायेने दिला जातो: ‘निघायच्या आधी फार पिऊ नकोस गं, वाटेत सोय नाही.’ या विषयातला सगळ्यात घातक गैरसमज हाच. लांबच्या राइडला तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये त्याहूनही जास्त. ते तोडलं की डोकं दुखतं, पायात गोळे येतात, उष्माघाताची भीती असते. शिवाय पाणी कमी आणि लघवी तुंबवलेली, या जोडीने मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाला आयतं आमंत्रण मिळतं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडलंय, एवढी खूण पुरे.

‘वेळ जातो’ ही सबबही हिशेबात टिकत नाही. ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास असतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. साडेतेरा तासांत चार वेळा थांबलं आणि दर वेळी कपड्यांपायी पाच मिनिटं जादा गेली, तरी वीस मिनिटं होतात. चहाला आपण त्याहून जास्त वेळ बसतो. खरी अडचण मिनिटांची नसतेच. अनोळखी जागी, कडी धड न लागणाऱ्या दाराआड अर्धं उघडं व्हावं लागतं, त्याची असते. ती अडचण शॉर्ट निवडताना बरीच कमी करता येते.

दुकानात सहसा सांगतात, ‘मॅडम, सीरियस रायडिंग करायचं तर बिबच.’ अर्धं खरं आहे. बिबला कमरेचं इलॅस्टिक नसतं, त्यामुळे वाकून बसल्यावर पोटात काही रुतत नाही. पट्ट्यांमुळे शॉर्ट खाली सरकत नाही, पॅड जागच्या जागी राहतं. सहा-आठ तास बसायचं असेल तर हा फरक कळतो. पण सकाळी दीड-दोन तास फिरून येणाऱ्या बाईने केवळ ‘सीरियस’ दिसण्यासाठी बिब घेऊ नये. रुंद, सपाट कमरपट्ट्याची साधी शॉर्ट तिला पुरते. खाली ओढा, वर ओढा, संपलं. कमरेला दोरीसारखं बारीक इलॅस्टिक असलेली मात्र टाळावी.  

आता ‘बिब घातली की जर्सी काढावीच लागते’ हा समज. जुन्या धाटणीच्या बिबबाबत तो खराच. पण बायकांसाठी गेली काही वर्षं वेगवेगळ्या युक्त्या केलेल्या बिब मिळतात आणि त्यांच्यात फरक आहे.

पहिल्या प्रकारात पट्टे पाठीमागे शॉर्टला हुकाने किंवा क्लिपने जोडलेले असतात. जर्सीखाली हात घालून क्लिप उघडायची, शॉर्ट खाली घ्यायची. उघडणं सोपं आहे. लावणं आंधळ्याचं काम, कारण पाठीमागचं दिसत नाही आणि बोटं घामेजलेली असतात. दुसऱ्यात क्लिप पुढे, छातीशी असते. ती दिसते, पण जर्सीची चेन अर्धी उघडावी लागते. तिसऱ्यात कमरेच्या मागून आडवी चेन जाते. ती उघडली की मागचा भाग खाली येतो आणि पट्टे खांद्यावर तसेच राहतात. स्कॉटलंडच्या एन्ड्युरा कंपनीने अशी बिब आणली आहे. चेन बसायच्या जागेच्या वर असल्यामुळे सीटवर टोचत नाही, पण वर पाठीचे खिसे भरलेली जर्सी असेल तर तिची कड चेनमध्ये अडकते.

चौथ्या प्रकारात उघडायचं काहीच नसतं. पाठीवरचे पट्टे इतके ताणले जातात की जर्सी आणि पट्टे अंगावर असतानाच शॉर्ट नितंबांखाली ओढता येते. व्हेलोसिओ या कंपनीची या धाटणीची बिब बरीच नावाजलेली आहे. माझं मत विचाराल तर हीच सगळ्यात कमी कटकटीची, कारण तुटायला क्लिप नाही आणि बिघडायला चेन नाही. तोटा एकच: पट्टे वापरून सैल पडले की बिब संपली.

परदेशी माहिती वाचून यातली एखादी निवडताना एक गोष्ट सुटते. या बिब बहुतेक कमोडवर बसण्याच्या हिशेबाने तपासलेल्या असतात. आपल्या महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यामागे बहुधा भारतीय पद्धतीचा संडास असतो. उकिडवं बसलं की पाठ कमानीसारखी वाकते, खांद्यापासून कमरेपर्यंतचं अंतर वाढतं, आणि उभ्याने सहज खाली येणारी ताणाची बिब बसल्यावर खांदे ओढू लागते. क्लिपच्या बिबमध्ये उलटा घोळ होतो. सुटलेला मागचा भाग किंवा लोंबणारा पट्टा थेट ओल्या फरशीवर टेकतो. त्यात जर्सीचे तिन्ही खिसे पाठीवर असतात. साधी बिब घालून जर्सी काढायची वेळ आली, तर टांगायला खुंटी नसते, म्हणून ती खांद्यावर टाकतात, आणि वाकताच मोबाइल भांड्याच्या दिशेने निघतो. क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे, बूट घालून ओल्या टाइल्सवर उभं राहणं हे आणखी एक साहस. म्हणून आत जाण्याआधी खिसे मैत्रिणीकडे रिकामे करावेत, आणि सुटणारी टोकं एका हाताच्या मुठीत गोळा करून धरता येतात का, हे बिब घेतानाच पाहावं.

उघड्या माळावर थांबायची वेळ आली तर लांब, सैल शर्ट किंवा साधी ओढणी कुठल्याही तंत्रापेक्षा उपयोगी पडते. उभ्याने वापरायची कागदी नरसाळी मिळतात. ती कमरेच्या शॉर्टसोबत जमतात, घट्ट बिबसोबत जमतीलच असं नाही. शॉर्टचा पाय बाजूला ओढून काम भागवण्याचा सल्लाही ऐकायला मिळेल. पाय सैल असेल तर ठीक. मांडीला चिकटणारी पट्टी आणि घामाने भिजलेलं पॅड असेल तर ते पॅडच भिजतं, आणि पुढचे तास त्यावरच बसायचं असतं.

‘आत निकर घालायचीच’ हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि कारण लाजेचं आहे, सोयीचं नाही. सायकलची शॉर्ट थेट अंगावर घालण्यासाठीच शिवलेली असते. पॅडवर शिवण नसते, कापड घाम बाहेर टाकतं. आत सुती निकर घातली की तिच्या शिवणी नेमक्या बसायच्या जागी येतात, सूत घाम धरून ठेवतं, आणि घासून कातडी सोलते. शिवाय थांब्याला आणखी एक ओला थर खाली-वर करायचा. ओली लायक्रा वर चढवताना काय होतं, ते एकदा तरी अनुभवलेलं असेलच. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅड शॉर्टच्या पॅडवर गोळा होतं, म्हणून सवय असलेल्या बऱ्याच जणी कप किंवा टॅम्पॉन वापरतात.

शॉर्टचं पॅड जाड म्हणजे आराम, हाही तसाच गैरसमज. बोटांनी दाबलं की मऊसूत आत जाणारा फोम दुकानात छान वाटतो. तासाभराने तो दबतो आणि वजन आहे तिथेच येतं. हवं असतं ते बैठकीच्या दोन हाडांखाली घट्ट आणि मधे पातळ पॅड. मधलं जाड असेल तर ते नाजूक भागावरच दाब आणतं. बायकांची ही हाडं सरासरीने जास्त अंतरावर असतात, म्हणून नवऱ्याची जुनी शॉर्ट चालवून घेणं हे काटकसरीचं लक्षण असलं तरी आरामाचं नव्हे. आरामासाठी एक माप मोठी घेणं तर साफ चूक, कारण सैल शॉर्टमध्ये पॅड हलतं आणि हलतं तिथे घासतं. बिब दुकानात सरळ उभं राहिल्यावर खांद्याला थोडी ओढल्यासारखी वाटणारच; ती वाकून बसण्यासाठी बेतलेली असते.

बिब घेताना घरून जर्सी आणि हातमोजे घेऊन जा, मागच्या खिशात मोबाइल ठेवा. ट्रायल रूममध्ये, आतले कपडे न काढता, आधी सायकलवर वाकतो तसं वाका, मग पूर्ण उकिडवं बसा आणि बिब खाली घेऊन पुन्हा वर चढवा. जर्सी न काढता, एका हाताने, आरशात न पाहता जमलं तर ठीक. खांदे ओढले, क्लिप सापडली नाही किंवा मोबाइल खिशातून निसटला, तर ती बिब परत द्या आणि दुसरी मागा.