चाळीस ग्रॅमचं पातं

जगात दर सेकंदाला सुमारे 60 टन पोलाद तयार होतं. 2023 सालचं जागतिक उत्पादन जवळजवळ 189 कोटी टन होतं. त्याला वर्षातल्या सेकंदांनी भागलं की हा आकडा मिळतो. माझ्या खिशातल्या घडीच्या चाकूचं पातं अंदाजे 40 ग्रॅमचं आहे. त्या 60 टनांतून अशी 15 लाख पाती निघतील, तीही एका सेकंदात.

रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला टनांचं काही वाटत नाही. इकडे उरला, पलीकडे सिलतरा. स्पंज आयर्नचे, म्हणजे खनिजातून न वितळवता काढलेल्या लोखंडाचे कारखाने, भट्ट्या, रोलिंग मिल. स्पंज आयर्नमध्ये भारत जगात पहिला आहे, वर्षाला 5 कोटी टनांच्या वर, आणि त्यात आमच्या या पट्ट्याचा हिस्सा मोठा. बारा मिलिमीटरची सळई, बारा मीटर लांब, एका नगाचं वजन साडेदहा किलोच्या थोडं वर. गिऱ्हाईक ती नगावर मागत नाही, गाडीवर मागतं.

या भागातल्या लोखंडाची कथा नागपुरातून सुरू होते, हे मराठी वाचकाला सांगायलाच हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलाद कारखान्यासाठी खनिज शोधणारे दोराबजी टाटा नागपूरला सरकारी अधिकाऱ्याची वाट पाहत होते. वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि मध्य प्रांताच्या भूगर्भीय नकाशावर दुर्गच्या भागात लोखंड दाखवणारा गडद रंग त्यांना दिसला. त्या खुणेवरून डल्ली-राजहराच्या टेकड्या तपासल्या गेल्या. टाटांचा कारखाना पुढे दुसरीकडे उभा राहिला, पण राजहराचं खनिज वाया गेलं नाही. 1959 मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली ती त्याच्याच भरवशावर. भिलाईत आज 260 मीटर लांबीचा रूळ मिळतो. मीटरला 60 किलो धरले तर एक रूळ साडेपंधरा टनांचा, म्हणजे माझी जवळपास 3 लाख 90 हजार पाती.

मग हातातल्या चाकूकडे बघतो. स्पायडरको कंपनीचा पॅरामिलिटरी 2: वजन सुमारे 106 ग्रॅम, पातं 87 मिलिमीटरच्या आसपास. अमेरिकेत तो दीड-दोनशे डॉलरला मिळायचा. कमीत कमी 13 हजार रुपये धरले तरी किलोला सव्वा लाखाच्या घरात भाव जातो. सळई किलोला पन्नास-साठ रुपये. म्हणजे फरक दोन हजार पटींचा. तो कशाचा, हे मला समजून घ्यायचं होतं, आणि ते समजल्यापासून चाकू मला जास्त आवडू लागला.

पात्याचं पोलाद सीपीएम एस30व्ही, 2001 मध्ये अमेरिकेतल्या क्रुसिबल कंपनीने आणलेलं. कार्बन 1.45 टक्के, क्रोमियम 14, व्हॅनेडियम 4, मॉलिब्डेनम 2. वितळलेलं पोलाद वायूच्या झोताने फवारून त्याची भुकटी करतात आणि ती उष्णता व दाबाखाली पुन्हा घट्ट करतात. साध्या ओतकामात या जातीच्या पोलादात कार्बाइडचे (कार्बन आणि धातूच्या संयुगाचे) कठीण कण मोठे आणि वेडेवाकडे वाढतात. भुकटीच्या वाटेने ते दोन-चार मायक्रॉनवर अडतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा असतो.

आता हिशेब करा. पात्याचं आकारमान पाच घन सेंटिमीटरच्या थोडं वर. त्यातला सुमारे 14 टक्के भाग कार्बाइडचा. कणाचा सरासरी व्यास 3 मायक्रॉन धरला, तर या एका पात्यात अंदाजे 5,000 कोटी कण बसतात. पृथ्वीवरच्या माणसांच्या सहा पट! रूळ मोजताना मला कधी असं गरगरलं नव्हतं.

धारेचा आकडा तर त्याहून अंगावर येणारा. चांगल्या धारेचं टोक अर्धा मायक्रॉन जाड असू शकतं. एक सेंटिमीटर धारेवर एक किलोचा जोर दिला की दाब निघतो वातावरणाच्या 20,000 पट. जगातल्या सर्वांत खोल समुद्रतळाशी तो 1,100 पटींच्या आसपास असतो. इतका ताण पोलादालाही जेमतेम सोसतो. म्हणून धार वाकते, झिजते, आणि म्हणूनच पात्याचं पोलाद कठीणतेच्या रॉकवेल मापावर 60 च्या जवळपास कडक करावं लागतं.

वापरताना हे सगळं जाणवतं. खोक्यांचा पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या विणलेल्या गोण्या, सुतळी, रबराचं गॅस्केट. पुठ्ठ्यात आणि इथल्या हवेत बारीक कचकच असतेच, साधं पातं दोन दिवसांत बोथट होतं. हे टिकतं. खटका एका हाताने सुटतो, पातं मधोमध बसतं, हलवून पाहिलं तर जरा डुगडुगत नाही. उरल्याची काळी धूळ मात्र सांध्यात शिरते. पाण्याने धुऊन, वाळवून, तेलाचा थेंब दिला की पातं पुन्हा मोकळं फिरतं.

खरी अडचण धार लावण्याची आहे. व्हॅनेडियम कार्बाइडची कठीणता विकर्स मापावर 2,600 च्या वर, आणि बाजारातल्या दगडातलं ॲल्युमिनियम ऑक्साइड साधारण 2,000. दगड कणांभोवतीचं पोलाद घासतो, कण मात्र तसेच राहतात; तासभर हात चालवला तरी समाधान होत नाही. हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते.

माझं मत स्पष्ट आहे. दोन हजार पट भावाचा चाकू दोन हजार पट कापत नाही. घरच्या भाजीला आणि आंब्याला व्हिक्टोरिनॉक्सचा छोटा चाकू पुरतो. त्या कंपनीने 2017 पर्यंत 50 कोटी घडीचे चाकू बनवले ते उगाच नाही. पण ज्याच्या हाताला रोज काही ना काही कापायचं काम आहे आणि ज्याला नीट घडवलेल्या वस्तूची कदर आहे, त्याने असा एक चाकू जरूर घ्यावा. मात्र हिऱ्याची पट्टी त्याच दिवशी घ्या. तिचे पैसे नसतील तर साध्या पोलादाचाच चाकू घ्या. त्याला कोणत्याही दगडावर धार चढते.