चहाडखोर आकडा

पावसात मांजर्लीची लाईट गेली की वायफायचा राउटर मान टाकतो आणि घरून काम करणारे बदलापूरकर मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करतात. आपल्याकडे तो सहसा चालतो. मात्र अनेक प्लॅनमध्ये रोजचा डेटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो. मग मीटिंग गेलीच!

परदेशात काही कंपन्या हॉटस्पॉटचे वेगळे पैसे मागतात. पण डेटा लॅपटॉपने ओढला, हे त्यांना कळतं कसं? प्रत्येक डेटा पॅकेटवर ‘टीटीएल’ नावाचा आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकने घटवतो. शून्य झाला की पॅकेट बाद. नाहीतर वाट चुकलेली पॅकेट्स फिरतच राहतील. अँड्रॉइड फोनचा आकडा साधारण 64 पासून सुरू होतो, विंडोजचा 128 पासून. फोन मध्ये राउटर बनला की लॅपटॉपचं पॅकेट टॉवरकडे 127 घेऊन जातं. झाली चहाडी! हा आकडा बदलणारे महाभाग आहेत, पण कंपन्यांना इतर खुणाही दिसतात.

अमेरिकेत हॉटस्पॉटची अ‍ॅप्स अडवल्याचं प्रकरण व्हेरायझन या मोबाईल कंपनीने 2012 मध्ये साडेबारा लाख डॉलर भरून मिटवलं.

तुमच्या प्लॅनच्या अटी एकदा वाचाच. आणि लाईट नसेल तेव्हा वायफायऐवजी यूएसबी केबलने फोन जोडा. नेट मिळेल आणि फोनही चार्ज होत राहील.