प्रिव्ह्यू अडकला, पिक्चर नाही

मुंजीचं शूटिंग आता एकट्या फोटोग्राफरचं राहिलेलं नाही. त्याचा कॅमेरा कार्यालयाच्या एका कोपऱ्यात ट्रायपॉडवर असतो. पण बटूच्या अंगावर अक्षता पडताना त्याच्यापुढे दहा-बारा हात वर होतात आणि प्रत्येक हातात फोन असतो. आत्याचा साधा अँड्रॉइड, अमेरिकेहून आलेल्या चुलतभावाचा आयफोन, मामाने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं मातृभोजन, कुणीतरी फोन उभा धरून काढलेली भिक्षावळ. हा सगळा ऐवज शेवटी घरात ज्याला ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’ त्याच्याकडे येतो. आमच्याकडे तो मान माझा. मुंजी, साठीशांती, डोहाळजेवणं यांचे तुकडे कापून-जोडून मी घरच्यांसाठी अर्ध्या-पाऊण तासाच्या फिल्म करतो. कापाकापी त्या मानाने सोपी. वेळ खातो तो प्लेबॅक. स्पेसबार दाबला की चित्र दोन सेकंद चालतं, थबकतं, एकदम पुढे उडी मारतं. कधी नुसताच आवाज येतो आणि पडदा काळा. कधी गुरुजींचे ओठ एकीकडे आणि मंत्र दुसरीकडे.

असं झालं की लोक सॉफ्टवेअर बदलतात, लॅपटॉप फॉरमॅट करतात, नव्या लॅपटॉपच्या किमती बघायला लागतात. त्याआधी एक निवाडा व्हायला हवा. बिघाड पिक्चरमध्ये आहे की ते दाखवण्यात? एडिटिंग चालू असताना स्क्रीनवर दिसतं ते तयार पिक्चर नसतं. मूळ क्लिप उलगडायच्या, त्यांवर रंग, टायटल, ट्रान्झिशन चढवायचं, सनई आणि बोलणं एकत्र मिसळायचं, हे सगळं सॉफ्टवेअर त्या क्षणी करत असतं आणि प्रत्येक फ्रेमसाठी त्याच्या हातात असतो सेकंदाचा जेमतेम तिसावा भाग. तेवढ्यात नाही जमलं तर ते फ्रेम गाळतं आणि आवाजाला गाठायला धावतं. एक्स्पोर्टला ही घाई नसते. एका फ्रेमला दोन सेकंद लागले तरी ती पुरी करूनच पुढची हातात घेतली जाते. त्यामुळे प्रिव्ह्यूत गचके खाणारा प्रसंग एक्स्पोर्ट झाल्यावर सुरळीत चाललेला मी अनेकदा पाहिला आहे. माझी पहिली चाचणी म्हणून हीच असते. अडतंय तिथला वीस-तीस सेकंदांचा तुकडा एक्स्पोर्ट करायचा आणि व्हीएलसीत लावून बघायचा. तिथे तो नीट दिसला, तर टाइमलाइनवरच्या एकाही कटला हात लावायचा नाही. पुढचा सगळा इलाज मशीनवरचा भार हलका करण्याचा.

हा भार केवढा, ते आकड्यांत कळतं. ४के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल असतात. अशी एक फ्रेम पूर्ण उलगडली तर साधारण १२ मेगाबाइट भरते. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर ३७० मेगाबाइटच्या आसपास. आयफोनवर ‘हाय एफिशियन्सी’मध्ये घेतलेल्या याच दर्जाच्या एका मिनिटाला ॲपलच्या हिशेबाने १७० मेगाबाइट लागतात. सेकंदाला तीनही नाहीत. शंभराहून अधिक पटींनी दाबलेलं हे चित्र प्रत्येक सेकंदाला पुन्हा पसरायचं असतं.

दाबण्याची युक्ती अशी की फाइलमध्ये पूर्ण चित्रं मोजकीच ठेवतात. मधल्या फ्रेममध्ये आधीच्या, कधी पुढच्याही चित्रापासून काय बदललं एवढीच नोंद असते. सरळ पुढे बघत गेलं तर फार अडत नाही. पण एडिटिंग करणारा माणूस सरळ कुठे बघतो? तो प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवरची उभी रेघ, मागे ओढतो, पुन्हा पुढे नेतो, नेमकी अक्षत कपाळावर पडली ती फ्रेम शोधतो. मागची एक फ्रेम दाखवायला सॉफ्टवेअरला त्याआधीचं पूर्ण चित्र गाठून तिथपासून हिशेब करत यावं लागतं. म्हणून मी प्लेहेड मुद्दाम उलटा ओढून बघतो. पुढे जाताना बरी चालणारी क्लिप मागे येताना गोठली, तर संशय याच उलगडण्यावर.

त्यातही सगळ्या क्लिप सारख्या नसतात. एच.२६४ हे तंत्र २००३ मधलं, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ हे २०१३ मधलं. नव्या तंत्रात तेवढ्याच दर्जाला जवळपास निम्मी जागा लागते, पण गणित बरंच वाढतं. हे गणित करायला प्रोसेसरमध्ये वेगळी सोय असते. इंटेलच्या चिपांमध्ये एच.२६४ साठी ती आधीपासून होती, एचईव्हीसीसाठी सहाव्या पिढीत आली आणि त्याच्या १०-बिट प्रकारासाठी सातव्या पिढीत. आयफोन १२ पासूनचे एचडीआर व्हिडिओ १०-बिट असतात. चुलतभावाची क्लिप पाचव्या पिढीच्या लॅपटॉपवर टाकली की सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर येतं आणि पंखा घरघरायला लागतो.

कान पंख्याकडे असले तरी डोळे टास्क मॅनेजरकडे हवेत. प्रोसेसर शंभर टक्के आणि डिस्क निवांत, तर उलगडण्याचा भार. डिस्क शंभर टक्के आणि प्रोसेसर रिकामा, तर फाइलच वेळेवर हाती येत नाही. दुसरा प्रकार घरोघरी दिसतो, कारण क्लिप अजून पेन ड्राइव्हवरच असतात. यूएसबी २.० चा वेग कागदावर ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० मेगाबाइट मिळाले तरी पुष्कळ, आणि स्वस्त पेन ड्राइव्ह तेवढेही देत नाही. सगळं लॅपटॉपच्या एसएसडीवर कॉपी केलं की हा त्रास तिथेच संपतो. दोन्ही आकडे शांत असूनही अडत असेल, तर इफेक्ट एकेक बंद करत जायचं. हलणारं चित्र स्थिर करणारा आणि अंधारातले दाणे पुसणारा, हे दोन बहुधा आधी सापडतात.

पेन ड्राइव्हचा आणखी एक उपद्व्याप आहे. एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल म्हणजे आहेराची वही. कोणाचं काय आलं आणि ते कुठे ठेवलं, एवढंच तिच्यात असतं. वस्तू कपाटातच असतात. पेन ड्राइव्ह काढला, फोल्डरचं नाव बदललं, किंवा काल ‘ई’ असलेला ड्राइव्ह आज ‘एफ’ झाला की नोंद राहते आणि वस्तू सापडत नाही. जुन्या विंडोज मूव्ही मेकरमध्ये अशा क्लिपवर लाल फुली यायची. दा विंची रिझॉल्व्हमध्ये ‘मीडिया ऑफलाइन’ अशी लाल पाटी येते. घाबरून क्लिप डिलीट करायची नाही, कारण तिच्यावरचे कट तिच्याबरोबर जातात. फाइल जिथे असेल तिथे बोट दाखवायचं, म्हणजे रीलिंक करायचं. काही जुन्या सॉफ्टवेअरना देवनागरी नावाच्या फाइल वाचता येत नाहीत. त्यामुळे ‘आजीच्या कडेवर’ हे नाव फिल्ममधल्या टायटलसाठी ठेवून फाइलचं नाव मी रोमन अक्षरांत देतो, आणि हे काम टाइमलाइन सुरू करण्याआधी उरकतो.

आवाज येतो पण चित्र काळं, हा प्रकार वेगळा. एमपी४ किंवा एमओव्ही हे नुसतं खोकं आहे. आत चित्र कोणत्या कोडेकने, म्हणजे दाबण्याच्या कोणत्या तंत्राने, भरलंय ते खोक्यावरून कळत नाही. ‘अहो, व्हीएलसीत तर चालतं,’ असं मला हमखास सांगितलं जातं. व्हीएलसी उलगडण्याची साधनं स्वतःबरोबरच घेऊन येतं. एडिटिंगची काही सॉफ्टवेअर त्यासाठी विंडोजवर विसंबतात आणि विंडोजमध्ये बऱ्याचदा एचईव्हीसीचं एक्स्टेंशन मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळं घ्यावं लागतं. व्हीएलसीत चालली याचा अर्थ एवढाच की फाइल धड आहे. पुढची चौकशी मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये. क्लिप त्यात टाकली की कोडेक, बिट, फ्रेमरेट, सगळी कुंडली समोर येते.

त्या कुंडलीत एका ओळीकडे मी आधी बघतो. फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’ आहे की ‘व्हेरिएबल’? आवाज आणि ओठ यांची फारकत बहुतेक तिथूनच सुरू होते. उजेड कमी झाला की अनेक फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश घेतात आणि फ्रेमची संख्या कमी करतात. अंगणातून माजघरात जाताना एकाच क्लिपमध्ये सेकंदाला ३० च्या २४ होतात. आवाज मात्र आपल्या ठरलेल्या गतीने नोंदला जातो. सॉफ्टवेअरने सगळ्या फ्रेम ३० च्या धरल्या की चित्र लवकर संपतं आणि आवाज मागे राहतो. फरक अगदी बारीक असला, ३० ऐवजी सरासरी २९.९७ इतकाच, तरी तासाभराच्या क्लिपमध्ये ३.६ सेकंदांची तफावत पडते.

ही तफावत ओळखायला मी टाळी शोधतो. मंगलाष्टका संपल्यावर टाळ्या होतातच. आवाजाची रेघ मोठी करून बघितली की टाळीचा सुळका स्वच्छ दिसतो. त्याच्या टोकावर प्लेहेड ठेवायचा आणि बाणाच्या कळीने एकेक फ्रेम सरकवत तळहात कुठे टेकतात ते बघायचं. सुरुवातीच्या टाळीला हात आणि सुळका एकाच फ्रेमवर. मग क्लिपच्या शेवटाकडे जायचं. आशीर्वादानंतरच्या टाळीला सुळका येईपर्यंत हात टेकून पुन्हा दूर गेलेले, आत्या तर दुसऱ्या टाळीच्या तयारीत. फरक वाढत गेला म्हणजे फ्रेमरेटचा दोष. आवाज सरकवून तो जाणार नाही, कारण एका टोकाला जुळवलं की दुसरं टोक सुटतं. फरक दोन्ही टोकांना सारखाच असेल तर मात्र आवाज तेवढा सरकवला की काम झालं.

सारखाच फरक सगळ्याच क्लिपमध्ये दिसला तर टाइमलाइन सोडून कानाकडे बघायचं. एकदा चुलतभाऊ शेजारी बसला होता, ब्लूटूथचे इअरबड्स घालून. ‘दादा, प्रत्येक क्लिपमध्ये आवाज मागे आहे, सगळा पुढे ओढू का?’ इअरबड्स काढायला लावले, लॅपटॉपच्या स्पीकरवर लावलं, सगळं जागच्या जागी. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या दशांशापासून पाव सेकंदापर्यंत उशिरा पोचू शकतो. व्हिडिओ प्लेअर चित्र तेवढं थांबवून हे झाकून घेतात. एडिटिंगचं सॉफ्टवेअर ते करेलच असं नाही. त्याने तसं ओढलं असतं, तर टीव्हीवर बघणाऱ्या सगळ्यांना आवाज आधी आणि ओठ नंतर असं झालं असतं. ते जास्त खटकतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लक्षात येतो. उशिरा आला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. लांबचा आवाज मागाहून ऐकण्याची कानाला जन्मापासून सवय आहे.

इलाज मुख्यतः दोन, आणि कोणता कशावर हे निवाड्यावर ठरतं. फाइल धड आहे पण मशीन दमतंय, तर प्रॉक्सी. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची लहान, हलकी नक्कल करतं, कापाकापी तिच्यावर होते आणि एक्स्पोर्टच्या वेळी मूळ क्लिप जागेवर येतात. फ्रेमरेटच हलता आहे, तर मूळ क्लिपच हँडब्रेकमधून कॉन्स्टंट करून घ्यायची, तीही पहिला कट मारण्याआधी. शॉटकट हे मोफत सॉफ्टवेअर अशी क्लिप उघडताच स्वतःच विचारतं, एडिटिंगला सोयीच्या प्रकारात बदलून देऊ का? हो म्हणावं, मात्र पूर्ण फ्रेम साठवणारा उत्तम दर्जाचा प्रकार निवडला तर ४के चं एक मिनिट काही गिगाबाइटवर जातं, म्हणून आधी डिस्कवरची जागा बघावी.

दोन्ही इलाज चालत नाहीत अशी एक क्लिप कधीतरी येते. आकार दीड-दोन गिगाबाइट, पण कुठल्याच प्लेअरमध्ये उघडत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘काढता काढता फोन बंद पडला.’ एमपी४ मध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका फोन सहसा शूटिंग थांबवल्यावर लिहितो. बॅटरी संपली की पानं राहतात, अनुक्रमणिका राहते लिहायची. अनट्रंक नावाचं साधन त्याच फोनवर त्याच सेटिंगमध्ये घेतलेली दुसरी धड क्लिप नमुन्याला घेऊन ती अनुक्रमणिका पुन्हा मांडायचा प्रयत्न करतं. ते जमेलच असं नसतं, म्हणून प्रयोग नेहमी कॉपीवर करायचा.

पुष्कळशी डोकेदुखी कार्याच्या आधीच टाळता येते. नातेवाइकांच्या ग्रुपवर मी आता चार ओळी आधीच टाकून ठेवतो. आडवा फोन, १०८० पी, सेकंदाला ३० फ्रेम. आयफोनवाल्यांनी फॉरमॅटमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’. आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. नुसता व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि गेलेला तपशील कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. शेवटची फाइल मी एच.२६४, १०८० पी, एमपी४ अशीच काढतो. १० मेगाबिटच्या दराने ४० मिनिटांची फिल्म ३ गिगाबाइटच्या आसपास बसते. जुने टीव्ही एफएटी३२ चा पेन ड्राइव्ह बिनबोभाट वाचतात आणि त्यात एका फाइलला ४ गिगाबाइटची मर्यादा असते, तिच्या आतच हे राहतं.

एवढं करूनही मावशीचा फोन येतोच. ‘अरे, भिक्षावळीत अडकतंय रे तुझं पिक्चर.’ मी लॅपटॉप उघडत नाही. ‘मावशी, कशावर लावलंयस?’ ‘तू पाठवलेल्या लिंकवरच. वायफाय वरच्या मजल्यावर आहे ना, इथे जरा कमीच येतं.’ लिंकवरून डाउनलोड करून घे म्हटलं की काम होतं, कारण अडकत होतं तिचं वायफाय.