गांजाबंदी आणि ‘कारण’ नावाचा रकाना

गांजाचा विषय निघाला की सभेत दोन तट पडतात. एक म्हणतो, ही विषवल्ली समूळ उपटा. दुसरा म्हणतो, बैरागी पिढ्यान्‌पिढ्या चिलीम ओढत आले, त्यांचे काय बिघडले? आम्ही यांपैकी कोणाचीच वकिली करणार नाही. आमचा प्रश्न एवढाच की, सरकार या पदार्थाविषयी जे सांगते, ते कशावरून सांगते?

कामगार चळवळीत हा प्रश्न विचारण्याची आम्हांला सवय लागली. कारखान्यात अपघात झाला की नोंदवहीतला ‘कारण’ हा रकाना भरावा लागतो. मुकादम तेथे बहुधा ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहितो. वर्षाअखेर या नोंदींची बेरीज होते आणि तिला आकडेवारी म्हणतात. यंत्राला कठडा नव्हता, हे त्या बेरजेत दिसत नाही.

गांजाच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, अशी ओरड विलायतेत होती. १८९३ साली पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि सरकारने सात जणांचे कमिशन नेमले. त्यांत तीन हिंदी सभासद होते. कमिशनने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदविल्या व १८९४ साली अहवाल दिला.

त्यातील इस्पितळांचा भाग प्रत्येकाने वाचावा असा आहे. १८९२ साली दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा, भांग वा चरस असे लिहिले होते. कमिशनने एकेक प्रकरण पुन्हा तपासले. तेव्हा ९८ प्रकरणांतच या पदार्थांचा संबंध मानण्याजोगा आढळला. त्यांतही ३७ ठिकाणी दुसरी कारणे जोडीला होती. मग बाकीची नोंद आली कोठून? रुग्णाबरोबर पोलिसांकडून येणाऱ्या कागदावर कारण लिहावे लागे. माणूस गांजा ओढतो एवढे कळले की तेच कारण ठरे, आणि इस्पितळात तेच उतरून घेतले जाई.

माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. सरसकट बंदी करू नये, कर व परवाने यांनी आळा घालावा, असा कमिशनचा निष्कर्ष होता. हाही डोळे मिटून स्वीकारू नये. गांजावरील कराचा पैसा सरकारी तिजोरीत जात होता, आणि दोन हिंदी सभासदांनी आपली भिन्न मते अहवालास जोडली होती. शिवाय कोवळ्या वयात सुरुवात करून रोज तीव्र गांजा ओढणाऱ्यास मनोविकाराचा धोका वाढतो, असे आजचे वैद्यक सांगते. घरातील मिळवता माणूस चिलमीपायी कामातून गेलेला आम्हीही पाहिला आहे.

पण म्हणून तुरुंग हे औषध ठरते काय? १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. केवळ पान त्या व्याख्येबाहेर राहते. म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत. एकाच झाडाचे पान दुकानात आणि फुलोरा कोठडीत! नुसते सेवन केले तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला अतिघातक पदार्थांच्या यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी काढले. भारताचे मत काढण्याच्या बाजूने होते. नियंत्रण मात्र कायम राहिले. अमेरिकेतही, १९७२ साली स्वतः अध्यक्ष निक्सन यांच्या काळात नेमलेल्या आयोगाने, स्वतःपुरता गांजा बाळगणे गुन्हा मानू नये असे सुचविले. निक्सन यांनी ते फेटाळले.

चिलमीसाठी पकडलेल्या हमालाची रोजी त्याच दिवशी बुडते. जामीन, वकील, तारखा यांत घरातले किडूकमिडूक जाते. व्यसन सुटत नाही ते नाहीच. तेव्हा कायदा कसा असावा हे लोकांनी जरूर ठरवावे. पण त्याआधी ‘कारण’ हा रकाना कोणी भरला व कसा भरला, हे सरकारला विचारावे. एवढा हक्क प्रत्येक नागरिकाचा आहे, आणि तो बजावण्यास पदवी लागत नाही.