जुन्या मोटारीस नवें तेल

मोटारीचें तेल बदलणें हें मिस्त्रीचें काम, आपलें नव्हे, अशी आपल्या घरांतून सर्वसाधारण समजूत असते. आणि नव्या गाडीपुरती ती चुकीची आहे असेंही नाहीं. परंतु गाडी साठ वर्षांची झाली म्हणजे हें काम धन्यानें स्वतःच करावें, अशा मताचा मी आतां झालों आहें. त्यास कारण, इंग्लंडांत पुतण्याच्या घरीं घालविलेला एक रविवार.

पुतण्याजवळ १९६५ सालची एम्. जी. बी. आहे. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन येथील कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत या जातीच्या पांच लाखांवर गाड्या तयार झाल्या. दोघांचीच बैठक, कापडी छप्पर, आणि उंची इतकी ठेंगणी कीं माझ्या वयाच्या माणसास आंत बसविणें व बाहेर काढणें हा घरांत एक सोहळाच होऊन बसतो! इंजिन चार सिलिंडरांचें, १७९८ घन सेंटिमीटरांचें; फिल्टर धरून त्याला सुमारें सव्वाचार लिटर तेल लागतें.

तेल कोणतें घालावें, येथेंच पुष्कळजण फसतात. नवें व महाग तेंच उत्तम, हा हिशेब या गाडीस लागू पडत नाहीं. हिच्या इंजिनांत कॅम व टॅपेट हे स्प्रिंगच्या जबर दाबाखालीं एकमेकांवर घासत असतात. त्यांची झीज टाळण्याचें काम तेलांतील जस्त व फॉस्फरस यांचें एक संयुग करितें. आधुनिक गाड्यांतील धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेस फॉस्फरस बाधतो, म्हणून अलीकडील तेलांत त्याचें प्रमाण कमी केलेलें असतें. तेल पातळ असलें तर जुन्या इंजिनांतील रुंदावलेल्या फटींतून तें दाबही धरीत नाहीं. म्हणून जुन्या गाड्यांसाठींच मुद्दाम बनविलेलें, २०-डब्ल्यू-५० या प्रतीचें तेल पुतण्यानें आणून ठेविलें होतें. मुलांचें कपडे आजोबांस होत नाहींत, त्यांतलाच हा प्रकार.

गाडी दहापंधरा मिनिटें फिरवून आणली, म्हणजे तेल ऊन होऊन गाळासकट खालीं येतें. मग जॅकनें उचलून ती लोखंडी स्टँडवर नीट बसविली. याबाबतींत मी कोणाचेंही ऐकत नाहीं. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरून माणसें जिवास मुकलीं आहेत. चाकाला लांकडी पाचर, हातब्रेक व स्टँड यांवांचून कोणीही खालीं जाऊं नये.

इंजिनाच्या तळपात्रास आपल्याकडील मिस्त्री ‘चेंबर’ म्हणतात. त्याच्या उजव्या अंगाचें बूच सोडतांच काळी धार परातींत पडूं लागली. या धारेकडे पाहण्यासाठींच तर धन्यानें खालीं जावयाचें! तेल दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे. पेट्रोलचा वास आला तर कार्बुरेटर तपासावा. तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंगें झिजूं लागलीं. हातमोजे मात्र हवेतच, कारण वापरलेलें तेल त्वचेस घातक असतें. आम्हीं चार थेंब पांढऱ्या कागदावर घेतले. काळेपणापलीकडे कांहीं निघालें नाहीं. बुचास तांब्याचा नवा वॉशर घालून तें बसविलें.

राहिला फिल्टर. या गाडीस तो खालीं लोंबणाऱ्या एका भांड्यांत असतो, आणि त्या भांड्याची कड वरच्या खोबणींतील रबरी रिंगेवर दाबून बसते. रिंग दर वेळीं नवी घालावयाची असते. तें काम माझ्याकडे होतें. आंतून सूनबाईनें जेवणासाठीं दुसरी हांक मारिली होती. मीं नवी रिंग खोबणींत दाबली आणि भांडें आवळून टाकिलें.

तेल भरून झाल्यावर कॉइलची तार सोडवून इंजिन नुसतेंच फिरविलें, म्हणजे तें पेट घेण्यापूर्वीं तेल सर्वत्र पोंचतें. दाबाचा कांटा हलला. तार जोडून इंजिन सुरू केलें. मी आंत बसलों होतों, पुतण्या खालीं वांकून पाहत होता.

“काका, बंद करा! आधीं बंद करा!”

किल्ली फिरवीपर्यंत कांटा घसरूं लागलाच होता. भांड्याच्या कडेनें तेलाची चिळकांडी उडून लिटरभर तेल फरशीवर पसरलें होतें. पुतण्यानें भांडें उतरवून टांचणीनें खोबण कोरली, तों तिच्यांतून जुनी रिंग निघाली. लांकडासारखी कठीण, धातूच्याच रंगाची. मीं नवी तिच्यावरच बसविली होती. हेंच भर रस्त्यांत झालें असतें तर क्षणांत बेअरिंगें जाऊन इंजिनच नवें बांधावें लागलें असतें. पुतण्या एक शब्दही बोलला नाहीं, हें मला अधिक लागलें.

लांकडाचा भुसा टाकून फरशी पुसली, उणें तेल भरलें, आणि पुनः इंजिन लाविलें. कांटा ६० पौंडांवर जाऊन स्थिर राहिला. या गाडीस चालतांना ५० ते ८० हा दाब योग्य समजतात. इंजिन बंद करून तेल खालीं उतरूं दिलें, आणि मगच मापकाठी पाहिली. जेवणें तीन वाजतां झालीं.

जुनें तेल डब्यांत भरून सोमवारीं तेथील नगरपालिकेच्या संकलन-केंद्रावर दिलें. गटारांत ओतणें हा तिकडे कायद्यानें गुन्हा आहे. ती कठीण रिंग मात्र पुतण्यानें गॅरेजांत खिळ्याला अडकवून ठेविली आहे. यंदा तेल बदललें त्या दिवशीं त्याचा फोन आला, तेव्हां खुशालीच्याही आधीं तो म्हणाला, “काका, जुनी काढली हं!”